अजाण फळ आणि आपलं परडं



बावीस अभक्ष्यांची यादी आपण लहानपणी पाठशाळेत पाठ केलेली असते. मध, लोणी, रात्रीचं जेवण, कंदमुळं, पाच उदुंबर फळं ही नावं अजूनही पटकन ओठांवर येतात. त्याच यादीत एक नाव असं आहे की ज्यावर फारसं कुणी थांबत नाही. ते म्हणजे अज्ञात फळ. आपल्या बोलीत अजाण फळ. ज्याचं नाव माहीत नाही, गुण माहीत नाही, ते कितीही देखणं असलं तरी तोंडात घालायचं नाही.

यामागची वंकचूलाची गोष्ट बऱ्याच जणींना माहीत असेल. वंकचूल हा चोरांचा म्होरक्या. त्याच्या वस्तीत मुनींचा चातुर्मास झाला. जाताना मुनींनी त्याला चार साधे नियम दिले, त्यांतला एक होता अजाण फळ न खाण्याचा. पुढे एकदा सगळी टोळी जंगलात भुकेली असताना सुंदर फळांनी लगडलेलं झाड दिसलं. वंकचूलाने विचारलं, या फळाचं नाव काय? कुणालाच सांगता येईना. तो उपाशी राहिला, बाकीच्यांनी पोटभर खाल्लं. ती विषारी किंपाक फळं होती. खाणारे मेले, वंकचूल वाचला.

गोष्ट आपण ऐकतो आणि सोडून देतो. पण मला एक प्रश्न पडला आणि त्याने माझा बराच पिच्छा पुरवला. आपल्या परड्यातली पेरू, पपई, सीताफळ, चिकू ही झाडं आपल्याला घरच्यासारखी वाटतात. पण ही सगळी परदेशातून आलेली आहेत. म्हणजे आपल्या कुणातरी पूर्वज बाईसमोर पेरू पहिल्यांदा आला, तेव्हा तो अजाण फळच होता. मग तो ताटात कसा आला? कुणी ठरवलं की हे चालतं आणि ते चालत नाही? त्याच शोधात जे वाचलं आणि जे घरात पाहिलं, ते आज मांडते आहे.

जहाजं येण्यापूर्वीचं परडं

सुरुवात अगदी मुळापासून करू. आपल्या पुराणांप्रमाणे भोगभूमीत दहा प्रकारचे कल्पवृक्ष होते. मागावं ते मिळायचं, कष्ट नव्हते. ते कल्पवृक्ष विरळ झाले, लोक घाबरले, तेव्हा ऋषभदेवांनी असि, मसि, कृषी अशी कामं शिकवली. म्हणजे माती उकरून, पाणी घालून, वाट पाहून फळ मिळवण्याची विद्या आपल्याकडे पहिल्या तीर्थंकरांपासून आली असं आपण मानतो. सांगली-कोल्हापूरकडचा आपला समाज पिढ्यान्‌पिढ्या शेती करत आला, त्याला हा आधार मोठा वाटत आला आहे. आदिनाथांना केवलज्ञान झालं ते वडाखाली आणि त्यांचा पहिला आहार उसाच्या रसाचा, हेही आपण दर अक्षय्य तृतीयेला आठवतो.

आता इतिहासाकडे येऊ. नाशिकच्या पांडव लेण्यांत नहपान राजाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वीचा. त्यात त्याने ३२,००० नारळाची झाडं दान दिल्याची नोंद आहे. नारळाची लागवड आपल्या भागात तेव्हाच एवढी मोठी होती.

वेरूळला ३२ नंबरच्या लेण्यात, ज्याला इंद्रसभा म्हणतात, तिथे अंबिका आहे. नेमिनाथांची यक्षी. सिंहावर बसलेली, मांडीवर मूल आणि डोक्यावर फळांनी भरलेलं आंब्याचं झाड. हिची कथा बायकांनी मुद्दाम लक्षात ठेवावी अशी आहे. घरात श्राद्धाचा स्वयंपाक झालेला असताना तिने दारी आलेल्या मुनींना आधी आहार दिला, म्हणून नवऱ्याने तिला दोन मुलांसह घराबाहेर काढलं. मुलं भुकेने रडू लागली, तेव्हा वाळलेल्या आंब्याला फळं आली आणि कोरड्या तळ्यात पाणी आलं. ज्या बाईला घराने टाकलं तिला झाडाने सांभाळलं. वेरूळला गेलात तर त्या शिल्पातल्या आंब्याची पानं नीट बघा. कारागिराने आंबा जवळून पाहिलेला होता.

पुढे १०२५ च्या सुमारास कल्याणीच्या चालुक्यांच्या दरबारी चावुंडराय नावाच्या लेखकाने कन्नडमध्ये 'लोकोपकार' लिहिला. (गोमटेश्वराची मूर्ती घडवणारे चावुंडराय ते हे नव्हेत.) त्यात रोजच्या संसाराला लागणारं बरंच काही आहे. विहीर कुठे खणावी, झाडांना काय घालावं, पदार्थ कसे करावेत. म्हणजे हजार वर्षांपूर्वीही झाडांची निगा आणि स्वयंपाक हे एकाच पुस्तकाचे विषय होते.

आणि मला सर्वात मोलाचं वाटलं ते मंगरस तिसरा या जैन लेखकाचं 'सूपशास्त्र'. तेही कन्नडमध्ये, १५०८ च्या सुमाराचं, संपूर्ण शाकाहारी पाकशास्त्र. त्यात फणसाचे प्रकार आहेत, वांग्याचे तर कितीतरी आहेत. आपल्यातल्या कित्येक घरांत वांगं वर्ज्य आहे, आणि इथे एक जैन लेखक वांग्याचे प्रकार सांगतो आहे. नियम घराघरांत, गच्छागच्छांत वेगळे होते आणि आजही आहेत, हे यावरून कळतं.

१५०८ हे साल लक्षात ठेवा. कारण १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतलं. मंगरसाच्या स्वयंपाकघरात तिखटपणा मिरीचा आणि आल्या-पिंपळीचा होता. मिरची त्याच्या काळात आपल्या मुलखाला ठाऊक नव्हती. त्या वेळच्या परड्यात आंबा, जांभूळ, फणस, केळ, नारळ, बोर, आवळा, डाळिंब, महाळुंग, चिंच असेल. पेरू नव्हता, पपई नव्हती, चिकू नव्हता.

एकाच जहाजातून आलेल्या दोघी

पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत गोव्याच्या वाटेने अमेरिका खंडातली झाडं आपल्याकडे येत गेली. नावांतच त्यांचा प्रवास लपलेला आहे. अननस, पपई, काजू हे शब्द पोर्तुगीजांनी तिकडच्या मूळ लोकांकडून उचलले आणि आपण पोर्तुगीजांकडून. पेरू हा शब्द पोर्तुगीज 'पेरा', म्हणजे नासपती, यावरून आला असं भाषेचे जाणकार मानतात. ज्यांना पेरू म्हटल्यावर तो देश आठवतो, त्यांचीही फार मोठी चूक नाही, कारण हे झाड त्याच बाजूचं.

गार्सिया द ऑर्ता नावाचा पोर्तुगीज वैद्य गोव्यात राहत होता. त्याला मुंबई बेट भाडेपट्ट्याने मिळालं होतं आणि तिथे त्याची बाग होती. १५६३ मध्ये त्याने गोव्यात पुस्तक छापलं. त्यात आपल्याकडचा आंबा, फणस, हळद, कडुनिंब यांची तो कौतुकाने माहिती देतो. म्हणजे ज्या काळात तिकडची झाडं इकडे येत होती, त्याच काळात एक परका माणूस आपली झाडं ओळखून घेत होता. त्याच्यानंतर वीस वर्षांनी गोव्यात आलेला लिन्सहोटेन हा डच माणूस पपईबद्दल लिहितो की हे फळ स्पॅनिश लोकांच्या मुलखातून फिलिपिन्स, मलाक्का करत इथे आलं. अकबराच्या काळात अननस दिल्ली-आग्र्याच्या बाजारात पोचला होता. 'ऐन-ए-अकबरी'त त्याचा भाव दिला आहे.

सीताफळाची गंमत वेगळी. तेही तिकडचंच मानतात. पण भरहुतच्या प्राचीन शिल्पांत कनिंगहॅमसाहेबांना सीताफळासारखं फळ दिसलं होतं, आणि त्यावरून बराच वाद झाला. आपण मात्र त्याला सीतामाईचं नाव देऊन वाद मिटवला. त्याच्या भावंडाला रामफळ म्हटलं. परक्या झाडाला घरचं नाव दिलं की ते निम्मं ओळखीचं होतं. चिकू या सगळ्यांत धाकटा. महाराष्ट्रात त्याची लागवड घोलवडला १८९८ मध्ये सुरू झाली असं फळबागांची पुस्तकं सांगतात. म्हणजे माझ्या आज्जीच्या आईच्या लहानपणी चिकू हे अजाण फळच होतं.

आता खरी गोष्ट. याच जहाजांतून मिरची आली आणि बटाटाही आला. बटाटा हा शब्दसुद्धा पोर्तुगीजच. दोघी एकाच मुलखातल्या, एकाच वाटेने आलेल्या. मिरचीला आपल्या बायकांनी सरळ चुलीजवळ बसवलं, मिरीचंच नाव थोडं वळवून तिला दिलं. बटाट्याला उंबऱ्याबाहेर थांबवलं. आजही थांबवलेलं आहे.

म्हणजे 'परदेशी म्हणून नको' असा हा निवाडा नव्हता. परदेशी तर दोघीही. आपल्या ग्रंथांत ना मिरचीचं नाव होतं, ना बटाट्याचं. यादीत नाव सापडत नव्हतं, तरी निर्णय झाला, आणि पंजाबपासून कर्नाटकापर्यंतच्या जैन घरांत जवळपास सारखाच झाला. कारण आपल्या बायकांकडे यादीच्या मागचा विचार होता.

विचारायचे प्रश्न

मी कॉमर्सवाली. मला कुठलाही हिशेब खात्यांत मांडला की समजतो. तसं मांडलं तर आपल्या आज्या-पणज्या नव्या फळाला तीन प्रश्न विचारत होत्या असं दिसतं.

पहिला प्रश्न, हे वाढतं कसं? झाडावर एक फळ, एक जीव, तर ती प्रत्येक वनस्पती. जमिनीखाली एकाच शरीरात अनंत जीव, तर ती साधारण, म्हणजे अनंतकाय. बटाटा कुठूनही कापून लावा, डोळा असला की उगवतो. मिरची तशी नाही. ती फळ आहे, तोडली तरी रोप राहतं. इथेच निकाल लागला.

याच प्रश्नात भुईमूग अडकायला हवा होता. तोही अमेरिकेतलाच, आणि शेंगा जमिनीखाली. पण आपण शेंगदाणे खातो, दाण्याचं कूट तर आपल्या भाजीचा प्राण. का? कारण भुईमुगाचं फूल वरती येतं. ते वाळलं की त्याला आऱ्या सुटतात, आऱ्या जमिनीत शिरतात आणि तिथे शेंग धरते. म्हणजे ते मूळ नव्हे, कंद नव्हे, ते फळच. हे पुस्तकात वाचून कळत नाही. ज्या बाईने भुईमुगाच्या रानात खुरपणी केली, तिलाच हे माहीत. शेती करणाऱ्या समाजाचा हा फायदा.

हळद आणि आलं यांचंही असंच. आपला सांगली भाग हळदीचा. इथल्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हरिपूरला जमिनीतल्या पेवांत हळद साठवण्याची जुनी रीत आहे. ओली हळद अनंतकाय, पण शिजवून वाळवलेलं हळकुंड पुन्हा उगवत नाही, म्हणून ते चालतं. ओलं आलं नाही, सुंठ चालते. समंतभद्र आचार्यांच्या 'रत्नकरंड श्रावकाचारा'त ज्या वस्तूंत फायदा थोडा आणि घात फार, त्या सोडायला सांगितल्या आहेत. त्यात मुळा, ओलं आलं, लोणी, केतकी यांच्याबरोबर कडुनिंबाची फुलंही आहेत. फुलांत बारीक जीव वस्तीला असतात, हे त्यांनी पाहिलेलं होतं.

दुसरा प्रश्न, याच्या आत कोण राहतं? पाच उदुंबर फळं म्हणजे वड, पिंपळ, उंबर, पाकर आणि कठूमर. ही सगळी अंजिराच्या कुळातली. आज वनस्पतिशास्त्र सांगतं की या फळांच्या आत बारीक वेलीसारखी नव्हे, तर खरीखुरी फुलं बंद असतात आणि चिमुकली गांधीलमाशी आत शिरून परागीभवन करते, तिथेच अंडी घालते. उंबर फोडून बघा, आतले किडे उडताना दिसतात. आपल्या आचार्यांनी सूक्ष्मदर्शक नसताना हे फळ मोडून पाहिलं होतं.

बहुबीजाचा विचारही याच प्रश्नातला. खसखस, वांगं अशी जिथे बिया नुसत्या खच्चून भरलेल्या, वेगळे कप्पे नाहीत, ती फळं सोडावीत असं सांगतात. डाळिंबात बिया खूप, पण प्रत्येक दाण्याला स्वतःचं घर आहे, म्हणून डाळिंब चालतं असं आमच्याकडे सांगत. पेरू कुणाकडे चालतो, कुणाकडे नाही. आमच्या माहेरी पेरू चालायचा, पण तो आधी चिरून, उजेडात आत बघूनच. सबंध पेरूला दात लावलेला आज्जीला चालत नसे. "आधी घर बघ, मग आत जा," असं ती म्हणायची. पावसाळ्यातला पेरू ज्यांनी चिरून पाहिला आहे त्यांना यातलं शहाणपण वेगळं सांगायला नको.

तिसरा प्रश्न वंकचूलाचा, याला ओळखतं कोण? आणि मला वाटतं, परड्याचं खरं काम इथे होतं. फळ अजाण असतं तोवर ते लांब. पण बी लावली, रोप आलं, पहिली पानं पाहिली, फूल कसं येतं ते पाहिलं, पाखरं काय खातात ते पाहिलं, किडे कधी पडतात ते पाहिलं. तीन-चार वर्षांत ते झाड घरातलं होतं. मग ते अजाण कसं राहील? पेरू-पपई ग्रंथांनी आत घेतली नाहीत. परड्यातून, न्हाणीच्या पाण्यावर वाढवून, बायकांनी ती ओळखीची करून घेतली.

औषधी कोपरा

परड्यातला एक कोपरा औषधाचा असायचा. तुळस, अडुळसा, गवती चहा, पानओवा, पुदिना, कढीपत्ता. खोकला आला की अडुळशाची दोन पानं, पोट दुखलं की पानओवा.

यालाही आपल्याकडे मोठा इतिहास आहे. नवव्या शतकात उग्रादित्याचार्यांनी 'कल्याणकारक' हा वैद्यकग्रंथ संस्कृतात लिहिला. तो काळ राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाचा. औषधात मद्य, मांस आणि मध न वापरता उपचार कसे करावेत हा या ग्रंथाचा विशेष. मांस औषधातही का नको, यावर त्यांनी शेवटी स्वतंत्र अध्याय जोडला. हा ग्रंथ हिंदी अनुवादासह १९४० मध्ये आपल्या सोलापुरातून छापला गेला, हे आपल्या भागाला भूषणच आहे. अकराशे वर्षांपूर्वीच्या वैद्याने वनस्पतींवर एवढा भर दिला, म्हणजे औषधी झाडांची निगा हा धर्माचाच भाग झाला.

पण इथेही तोच हिशेब. बत्तीस अनंतकायांच्या यादीत कोरफड, गुळवेल, शतावरी ही नावंही आहेत. कोरोनाच्या दिवसांत घरोघरी गुळवेलीचा काढा चालला होता, तेव्हा आपल्यातल्या कितीतरी जणींना हा पेच पडला होता. गुळवेलीचा तुकडा नुसता टांगून ठेवला तरी हिरवा राहतो, मुळं सोडतो. ती अनंतकायात का, हे झाड पाहिलं की समजतं. आजारपणात काय करावं हे प्रत्येकीने आपल्या गुरूंना आणि वैद्याला विचारावं. मला एवढंच म्हणायचं आहे की यादी करणाऱ्यांनी वेलीचा स्वभाव पाहून ती केली होती.

घ्यायचं कसं

झाड लावलं, फळ ओळखीचं झालं. आता ते घ्यायचं कसं? याचं उत्तर आपल्या लेश्यांच्या चित्रात आहे. कितीतरी मंदिरांत हे चित्र असतं. श्रवणबेळगोळच्या मठातल्या भिंतीवरही आहे. सहा वाटसरू जांभळाच्या झाडाखाली येतात. पहिला म्हणतो, झाड मुळापासून तोडू. दुसरा म्हणतो, मोठ्या फांद्या तोडू. तिसरा लहान डहाळ्या, चौथा घोस, पाचवा फक्त पिकलेली जांभळं तोडायला सांगतो. सहावा म्हणतो, खाली पडलेली वेचू, तेवढी पुरतात. भूक सहाही जणांची सारखीच. फरक मनाचा. कृष्ण लेश्येपासून शुक्ल लेश्येपर्यंत.

आमच्या माहेरच्या परड्यात जांभूळ होतं. झाडाखाली जुनं लुगडं अंथरायचं आणि सकाळी पडलेली जांभळं वेचायची. झाड हलवायचं नाही. लहानपणी आम्हाला ती सक्ती वाटे, कारण शेजारची मुलं काठीने झोडपून टोपलीभर नेत. पण त्यांच्या टोपलीत निम्मी कच्ची असत. झोडपलेल्या डहाळीला पुढच्या वर्षी फळ कमी धरतं, हे मला मोठेपणी कळलं.

चातुर्मासात पालेभाजीचे वाफे मोकळे सोडायचे, कारण पावसात पानापानावर जीव असतात. अष्टमी-चतुर्दशीला हिरवं तोडायचं नाही. दिवस मावळल्यावर पानाला हात लावायचा नाही. अळूचं पान घ्यायचं, कंद उपटायचा नाही. कोथिंबीर मुळासकट न उपटता वरून खुडायची. गवती चहा बुंध्याच्या वर कापायचा. आपल्या धर्मात गृहस्थाला आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही असं मान्य केलं आहे. झाडाला पाणी घालतानाही जीव मरतात. पण ती कमी कशी करायची याची ही रोजची शिस्त होती. यातून झाडालाही विश्रांती मिळायची.

आजचा पेच

मध्यंतरी सूनबाईने फोनवर विचारलं, "आई, ड्रॅगन फ्रूट आपल्यात चालतं का?" हा प्रश्न आता बऱ्याच घरांत येतो. ड्रॅगन फ्रूट, किवी, अ‍ॅव्होकॅडो, चिया. ड्रॅगन फ्रूट तर आपल्या जतच्या दुष्काळी पट्ट्यात लोक लावतात. गुजरात सरकारने २०२१ मध्ये त्याला 'कमलम' म्हणायचं ठरवलं. सीताफळासारखंच झालं, परक्याला घरचं नाव.

मी तिला हो किंवा नाही सांगितलं नाही. तिला म्हटलं, तीन प्रश्न विचार. ते निवडुंगाचं फळ आहे, वरती वाढतं, म्हणजे कंद नाही. बिया मात्र गरात खच्चून, कप्पे नाहीत, म्हणजे बहुबीज मानणाऱ्या घराने सोडावं. आणि ओळखीचं व्हायला जतकडे कुणाच्या तरी मळ्यात एकदा जाऊन ये. तिने स्वतः विचार करून सध्या न आणायचं ठरवलं. दुसरीने याच प्रश्नांवर आणायचं ठरवलं तरी मी तिला चूक म्हणणार नाही.

मला जास्त काळजी वाटते ती नव्या फळांची नाही, जुन्यांचीच. घर बांधताना परडं आधी जातं. तिथे गाडी लागते, फरशी बसते. मग आंबा बाजारातून येतो. तो कुणाच्या बागेतला, कधी तोडला, कशाने पिकवला, काही माहीत नसतं. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे, तरी दर उन्हाळ्यात त्याच्या बातम्या येतातच. म्हणजे नाव माहीत, पण गुण माहीत नाही. वंकचूलाच्या गोष्टीचा नियम लावला, तर आपल्या शेकडो वर्षांच्या ओळखीचा आंबा आता अजाण फळ होऊ लागला आहे. पाकिटावर हिरवा शिक्का किंवा 'जैन' असं छापलेलं असलं की आपण निर्धास्त होतो. पण तो शिक्का आपल्याऐवजी दुसऱ्याने विचारलेल्या प्रश्नांचं उत्तर आहे.

आज्जीच्या पिढीतल्या बहुतेक बायका शाळेत गेल्या नव्हत्या. तरी भुईमूग आणि बटाटा यांतला फरक त्या आपल्या डोळ्यांनी पाहून सांगू शकत. माझ्याकडे पदवी आहे, पण यातलं बरंचसं मला त्यांच्याकडूनच मिळालं. आपण ते पुढे दिलं नाही, तर मुलींच्या हातात नुसती यादी उरेल आणि एक दिवस ती यादीही त्यांना निरर्थक वाटेल. त्यात त्यांचा दोष नसेल.

म्हणून ज्यांच्याकडे थोडी जागा आहे त्यांनी फळाचं एक तरी झाड राखावं. फ्लॅटमध्ये असाल तर कुंडीत तुळस, पुदिना, कढीपत्ता होतो. मिरची तर नक्की लावा. नातवंडांना तिचं पांढरं फूल दाखवा, त्यातून मिरची कशी धरते ते दाखवा आणि बटाटा आपल्याकडे का येत नाही ते त्या झाडाशेजारी बसून सांगा.

आणि एक करा. तुमच्या घरी सीताफळ चालतं का, पेरू चालतो का, आणि नसेल तर का, हे आपल्या आईला, सासूबाईंना, आत्याला विचारून वहीत लिहून ठेवा. प्रत्येक घराची कारणं थोडी वेगळी निघतील, ती सगळी लिहा.

जय जिनेंद्र.